बिनमुंडक्याची बाई

१९५६ सालच्या चैत्रातली दुपार. चिकपेटेतल्या आप्पाजी शिंप्यांच्या माडीवर हिरव्या किनखापाचा तुकडा दुहेरी घडी घालून पसरला होता आणि उघडी कात्री हाती धरून त्यांची सून अहल्या नुसतीच बसली होती. तुकडा एकच, वीणावादक पद्मावतीअक्कांच्या दिवंगत मातेच्या शालूतून उरलेला. तशी वीण अवघ्या पेठेत पुन्हा मिळणे नव्हते. परवा रामनवमीच्या मंडपात अक्का हीच चोळी लेवून बसणार होत्या. आप्पाजींचे डोळे मोतीबिंदूने गेलेले, मुलगा सुई टाकून कारखान्यात लागलेला. चोळी जमली तर दुकान अहल्येचे. बिघडली तर दुकानास कुलूप, असा घरात निर्णय झाला होता.

परस्त्रीच्या देहाला फीत लावायची नाही, हे या घराचे चार पिढ्यांचे व्रत. गिऱ्हाइकाने जुनी चोळी धाडावी आणि शिंप्याने त्या वस्त्रातून देह वाचावा. परंतु आता अंगाबरोबर बसणाऱ्या, चिमट्या शिवून टक घातलेल्या चोळ्यांचे दिवस आले. म्हणून अहल्या आठ महिने कँटोन्मेंटातल्या एका मडमेकडे शिकली आणि मडम मायदेशी निघाली तेव्हा तिचा कापूस भरलेला पुतळा घरी घेऊन आली. सासूबाई सोयराबाई त्याला पाहून म्हणाल्या होत्या, "बिनमुंडक्याची बाई! दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावावं, तर मेलीला गालच नाहीत!"

शिकवणीबरहुकूम अहल्येने अक्कांची मापाची चोळी बसेतो पुतळ्यावर चिंध्या गुंडाळल्या. मग उजव्या अर्ध्या अंगावर मांजरपाट टाचण्यांनी बसवून टक धरले, खुणा कागदावर उतरवल्या. डावे अंग घडीतून आपोआप निघणार होते. डाव्या खांद्याशी मापाच्या चोळीला चुणी पडत होती खरी, पण चोळी जुनी म्हणून तिने तिकडे लक्ष दिले नव्हते. आता मात्र हात पुढे सरेना.

"कात्री वाजली नाही अजून," कोपऱ्यातून आप्पाजी म्हणाले.

"वाजेल, मामंजी."

"ती मापाची चोळी दे इकडं." त्यांची बोटे शिवणीवरून सावकाश फिरली. "डाव्या काखेत ठिगळ आहे."

"विरलीये ती. किती वर्षांची!"

"मग उजवीकडं का नाही विरली? दोन्ही हात एकाच वयाचे ना?"

वीणेच्या दांडीखालून वळलेला अक्कांचा डावा हात अहल्येच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. चाळीस वर्षांच्या साधनेने तो खांदा उतरला होता, पाठ त्या अंगाला रुंदावली होती. पुतळ्याचे खांदे मात्र तराजूच्या पारड्यांसारखे समतोल! अर्धा देह वाचून उरलेला तिने गृहीत धरला होता.

तिने कात्री खाली ठेवली. पुतळ्याच्या डाव्या खांद्यावरच्या चिंध्या काढून त्या पाठीला बांधल्या. डाव्या अंगाला निराळा मांजरपाट बसवून त्याच्याही खुणा कागदावर उतरवल्या. सोयराबाई एकेक टाचणी पुढे करीत राहिल्या. मग किनखाप उलगडून दोन्ही अंगांचे कागद शेजारी मांडले, तो डावा काठाबाहेर बोटभर आला. तिने कागद तीनदा फिरवले. चौथ्यांदा काठाला काठ लागला. कापड एकेरी पसरून तिने कात्री चालवली. तो आवाज थांबेतो आप्पाजी तिकडेच कान लावून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का चोळी घालून आतून आल्या. अहल्येने चटई अंथरली. "अक्का, उभं नको. वीणा मांडीवर आहे असं समजून बसा."

अक्का बसल्या, डावा हात लांब गेला. काखेचा मुंढा जागचा हलला नाही. टकही ताणले नाहीत. त्यांनी हवेतच एक लांब मींड घेतली, पुन्हा घेतली.

"सरी, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "अंगात काही आहे हेच विसरले, अहल्ये."

आप्पाजींनी कमरेची दुकानाची किल्ली सोडून सुनेच्या दिशेने धरली. तिने ती घेतली; तोवर सोयराबाई काजळाची डबी घेऊन पुतळ्यापाशी गेल्या होत्या. त्यांनी उतरलेल्या डाव्या खांद्यावर तीट लावली.