एकाच खांद्याला माती

दत्ताचा फोन सकाळीच आला. "गुरुजी, बापू गेले," एवढंच बोलला आणि ठेवला. दत्ता म्हणजे सांडू पैलवानाचा थोरला, बोलायला बापासारखाच कंजूष. मी हातातला कप खाली ठेवला. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. आधी भीती वाटली... चारच दिवसांपूर्वी दवाखान्यात सांडूनं माझा हात धरला होता. "गुरुजी, लई वर्षं झाली. एकदा पुकारा आता. माइकवर, लोकांदेखत." मी म्हणालो, "तू आधी बरा तर हो, मग बघू." मास्तर माणूस, वेळ मारून न्यायची सवय! त्यानं हात सोडला आणि भिंतीकडं कूस वळवली. पाठ माझ्याकडं. आमची शेवटची भेट ती.

काय पुकारायचं होतं, ते सांगतो. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण आमच्या फुलंब्रीकडच्या जत्रांत कुस्तीचा फड असला की माणूस मावत नव्हता. ट्रॉल्या भरभरून लोक यायचे, लिंबाच्या फांद्यांवर आणि शाळेच्या पत्र्यांवर बसायचे, पत्रे वाकायचे आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आम्हालाच बोलायचे. शहरात तालमीतला पैलवान रस्त्यानं निघाला की दुकानदार गल्ल्यावरून उठून रामराम घालायचे. सांडू आमच्या गावचा, शहागंजाकडच्या तालमीत तयार झालेला. मान रेड्याची, स्वभाव गाईचा. मी गावच्या शाळेवर मास्तर आणि फडावर पुकारणारा. जोड पुकारायची, डाव सांगायचे, निकाल जाहीर करायचा. माझ्या आवाजाचं पंचक्रोशीत नाव होतं आणि त्या आवाजाचा मला लई माज होता. उगं कशाला लपवू?

त्या वर्षी शेवटची कुस्ती सांडूची, बाहेरून आणलेल्या एका नामांकित पैलवानाशी. जिंकणाऱ्याला गदा. पण सांडूचा जीव गदेत नव्हता. त्याच्या वस्तादांनी सांगून ठेवलं होतं, "ही मारलीस तर तुला मोठ्या मैदानात उतरवतो. नाय मारलीस तर गावाकडं जा, आपली शेती बघ." अर्धा तास दोघं एकमेकांना हलेनात. मग समोरच्यानं ढाकेचा डाव टाकला, सांडू उचलला गेला, खाली आला तो एका खांद्यावर, आणि मी बोंबललो, "चितपट!" पंच पलीकडच्या अंगाला होता, त्याला पाठ दिसतच नव्हती. त्यानं माझा आवाज ऐकला आणि हात वर केला. हलगी कडाडली, लोक आत घुसले, त्या पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचायला लागले. आमच्याकडं विजयाची हलगी एकदा वाजली की निकाल फिरत नाही, मग देव का खाली येईना.

सांडू भांडला नाही. तसाच लंगोटावर मंचापाशी आला आणि माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. "गुरुजी, माती बघा." मी बघितली. उजव्या खांद्याला लाल माती, डाव्याला कणभर नाही. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय चितपट होत नाही, हे शेंबडं पोरगंही सांगेल. माइक माझ्या हातात होता, चालू होता. निकाल फिरला नसता, पण "माझं चुकलं" एवढं तर म्हणता आलं असतं. ऐकणारे हजारोंनी होते, आणि तेच मला नडलं. मी म्हणालो, "गदा देण्यासाठी सरपंचांनी मंचावर यावं."

वस्ताद शब्दाला जागले. सांडू बिछाना गुंडाळून गावी आला. त्याची आई सांगायची, तीन दिवस त्यानं अंगावर पाणी घेतलं नाही, माती निघून जाईल म्हणून. दाखवायची कुणाला होती? बघणारा एकच होता, आणि तो त्या तीन दिवसांत त्याच्या गल्लीनं फिरकलासुद्धा नाही. पुढं जमीन भावांत वाटली गेली आणि सांडू वाळूजला एका कंपनीच्या गेटवर चौकीदार झाला. एकदा तिकडं गेलो तर त्यानं चहा पाजला. मला वाटलं, निवळला असेल. म्हणालो, "पैलवान, झालं गेलं गंगेला मिळालं." तो शांतपणे बोलला, "तुमचं मिळालं गुरुजी. माझं अंगावरच हाय."

दरवर्षी फडाला मात्र यायचा. मंचाखाली अगदी माझ्या पायाशी बसायचा, शर्ट काढून मांडीवर घ्यायचा, उघडी पाठ माझ्याकडं. लोक हसायचे, "पैलवानी गेली पण मिजास गेली नाय." त्या पाठीकडं बघत मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे निकाल पुकारले. नंतर फडाची गर्दी आटली, शंभर माणसं जमली तरी खूप असं झालं. तरी जीभ उचलली नाही. शंभरांसमोरही लाज तेवढीच वाटते, हे मला तेव्हा कळलं.

शोकसभा शहागंजाकडच्या त्याच तालमीत झाली. आता ती जिम आहे, मातीच्या हौद्यावर फरशी आणि भिंतीला आरसे. जे जन्मात कधी फडाला आले नाहीत ते "लाल मातीचा हिरा हरपला" म्हणत होते. माइक माझ्याकडं आला तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं... सांडू पडला नव्हता, माझं चुकलं, मी तेव्हाच पाहिलं होतं आणि गप्प बसलो. मग पुढच्या रांगेतला एक पांढरा सदरा उठला, "वा गुरुजी, वा! मित्राचा पराभव स्वतःच्या अंगावर घ्यायला मन मोठं लागतं!" आणि टाळ्या. हो, टाळ्या! मी "अहो, खरंच सांगतोय" म्हणालो तर आणखी वाजल्या. सबंध हॉलमध्ये एकट्या दत्तानं टाळी वाजवली नाही. तो उठला, आपली खुर्ची उलटी फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून बसला.

तीच पाठ, तसेच रुंद खांदे. मी माइक खाली ठेवला.

दत्ता अजून माझा फोन उचलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून हे इथं लिहितोय, इथं कुणाला टाळ्या वाजवता येत नाहीत. सांडू पैलवान त्या दिवशी पडला नव्हता. माती एकाच खांद्याला होती. मी बघितली होती.