गारगोटीहून फोनवर आलेला खेळ

जगात काळजी नावाची जी काही वस्तू तयार होते, तिची कोल्हापूर जिल्ह्याची एजन्सी आमच्या हिच्या मामांकडे होती. आमच्या लग्नात सगळी मंडळी अक्षता टाकत होती तेव्हा मामा मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरून उभे होते, कारण वारा सुटला होता. गारगोटीच्या एसटीत चढताना ती गारगोटीलाच जाते ना, हे ते आधी कंडक्टरला विचारत, मग खिडकीतल्या बाईला, मग पुढं जाऊन ड्रायव्हरला. शेवटी एका ड्रायव्हरनं स्टेअरिंगवरचे हात काढले आणि म्हणाला, "पावणं, तुमीच चालवतासा का? म्हंजे तुमची खात्री हुईल." घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का हे ते स्वतःच्या घरी तर बघतच, पण आमच्याकडं जेवून निघतानाही स्वयंपाकघरात शिरून बटणावर हात फिरवून येत. मला याचा राग यायचा. जेवलेल्या माणसानं सुपारी खावी, यजमानाचा गॅस कशाला तपासावा?

अशा माणसानं कॉम्प्युटर घ्यावा हेच नवल. तो शब्द कोल्हापुरात नुसता ऐकून माहीत होता त्या काळात मामांनी कुणाच्या तरी ओळखीनं तो मुंबईहून आणला. म्हणजे नुसता कीबोर्डच. तो टीव्हीला जोडायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्रॅम चढवायचा. कॅसेटमधून बराच वेळ मांजरं भांडल्यासारखा आवाज निघे. तो सगळाच्या सगळा मशीनच्या पोटात गेला तर पडद्यावर खेळ उमटे. मध्ये कुठं जरा खुट्ट झालं, की चूक झाल्याची एक इंग्रजी ओळ येई आणि पुन्हा पहिल्यापासून. मामांना हे मशीन फार मानवलं, कारण त्याची रोज नव्यानं काळजी करता येई. खेळायच्या मात्र मामी. चेंडूनं विटांची भिंत फोडायचा तो खेळ होता. भाकऱ्या उरकून, पदर खोचून त्या बसत आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी अशी भिंत पाडत, की बघायला आलेली गल्ली गप होई.

पुढं ऑफिसांमधून फ्लॉपीवाले कॉम्प्युटर आले आणि मामांचं मशीन पलंगाखाली गेलं. त्यानंतर काही वर्षांनी मामींना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. बोटं हलवत ठेवली नाहीत तर हात कायमचा जाईल, असं सांगून डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मामी तो उशाशी ठेवून भिंतीकडं तोंड करून पडत. इतकी वर्षं मोठ्यानं काळजी करणारे मामा आता गप्प झाले, आणि ते आम्हाला जास्त जड गेलं. मग एक दिवस त्यांना खेळाची आठवण झाली. मशीन पुसलं, जोडलं, चालूही झालं. कॅसेट मात्र नव्हती. पावसाळ्यात बुरशी धरेल या धास्तीनं मामांनी आदल्याच उन्हाळ्यात सगळ्या कॅसेटी गच्चीवर सांडग्यांशेजारी वाळत घातल्या होत्या. सांडगे उत्तम झाले. कॅसेटी वाकल्या.

त्या खेळाची एक नक्कल गारगोटीत होती. तिथल्या एका मास्तरांनी मामांचं बघून तसलंच मशीन घेतलं होतं. मी म्हणालो, "स्कूटरवरनं जाऊन घेऊन येतो."

"स्कूटरला मॅग्नेटो असतोय, जावईबापू. म्हंजे लोहचुंबकच की. हितं येस्तवर कॅसेट पुसली म्हंजे?"

"मग टपालानं मागवू."

"शिक्का मारत्यात धाडकन."

"मास्तरांनाच एसटीनं बोलवा."

"आन् इंजिनाशेजारची जागा मिळाली तर?"

शेवटी असं ठरलं, की मास्तरांनी तिकडं फोनसमोर कॅसेट वाजवायची आणि मामांनी इकडं रिसीव्हर टेपरेकॉर्डरच्या माइकला लावून ती भरून घ्यायची. फक्त तेवढा वेळ आपल्या बाजूला चिडीचूप पाहिजे. कोल्हापुरातल्या गल्लीत चिडीचूप म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांना मामांची काळजी कळणार नाही. आमच्याकडं लोक कानगोष्टसुद्धा चौकापर्यंत ऐकू जाईल अशी सांगतात. मामा दारोदार हात जोडून आले. कोपऱ्यावर म्हशी पिळणारा गवळी म्हणाला, "मी गप बसतो वो. पर म्हशीला काय सांगू?" मग मामींसाठी आहे हे कळल्यावर तोच म्हशी सोडून रंकाळ्याकडं घेऊन गेला.

ठरल्या वेळी फोन वाजला. मामांनी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं, रिसीव्हर धरला, आणि गारगोटीची मांजरं भांडू लागली. मी खुर्चीत श्वास धरून बसलो होतो. पलंगावर मामी नेहमीसारख्या भिंतीकडं तोंड करून. गल्ली अशी शांत, की मला भीती वाटली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मला पातेलं दिसलं. जगाचे गॅस तपासणाऱ्या माणसानं दूध तापत ठेवलं होतं आणि आज तो विसरला होता. साय फुगून काठाला आली. मी उठायला गेलो तर खुर्ची करकरली आणि मामांनी डोळे असे वटारले की मी परत टेकलो. मग त्यांनाही दूध दिसलं. पण त्यांचा हात रिसीव्हरवरून हलला नाही.

"दू," कुणीतरी म्हणालं.

मामी मान वळवून बघत होत्या. तोंड वाकडं करून, सगळा जीव गोळा करून त्या पुन्हा म्हणाल्या, "अवं... दूध. दूध गेलं की."

दूध गेलंच. शेगडीवर चर्र झालं, वास सुटला. मी धावत जाऊन गॅस बंद केला. परत येऊन बघतो तर मामा पलंगाजवळ जमिनीवर बसलेले, रिसीव्हर मांडीवर. "आन् एकदा म्हण," ते म्हणत होते, आणि मामी इतक्या महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलेल्या दिसत होत्या. मांजरं थांबली. रिसीव्हरमधून मास्तर विचारत होते, "आलं का समदं?"

मामांनी तो कानाला लावला. "आलं," म्हणाले, आणि मास्तर तिकडं फोन धरून असताना इकडं हमसून रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला मॅग्नेटोसकट स्कूटरवरून गारगोटीला पाठवलं. कॅसेट धडधाकट आली, खेळ चढला, आणि मामींनी रोज थोड्या थोड्या विटा पाडल्या. बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत, पण भाकरीचा तुकडा मोडण्याइतकी आली. शब्दही आले. त्यातले बरेचसे मामांना रागावण्याचे होते.

आता मामी नाहीत. मास्तरांची कॅसेट मामांनी केव्हाच परत केली, पण फोनवरची ती फसलेली कॅसेट ठेवली आहे. मी गेलो की ते ती लावतात. "बघू या, आज तरी चढतंय का," म्हणतात. मशीन कधीच बंद पडलंय आणि टेपरेकॉर्डरची वायर त्याला जोडलेलीही नसते, हे आम्ही दोघंही बोलत नाही. मांजरं भांडतात, खुर्ची करकरते, मग मामींचा आवाज येतो. तो आला की मामा उठतात, स्वयंपाकघरात जातात आणि गॅसच्या बटणावर हात फिरवून येतात.