टाकीवरची टकटक

पाण्याची टाकी दिसली की सर बोट वाकवून वरून खाली टकटक करत जायचे. पोकळ आवाज भरीव झाला की थांबायचे. "इथपर्यंत हाय." लातूरकरांना यात नवं काही नाही, तुम्हीही केलं असेल. पण सर फळ्यावर काढलेल्या दीर्घिकेवरही तशीच टकटक करायचे!

आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे, ते भौतिकशास्त्र. घरंही शेजारी. ज्या दीर्घिकांत तारे धडाधड जन्मतात, त्यांचं सरांना वेड.

"आपली आकाशगंगा जपून खर्च करती, मॅडम. ह्या लई उधळ्या."

तारे ज्यातून घडतात तो हायड्रोजन वायू इतका थंड की दुर्बिणीला दिसत नाही. त्यात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र रेडिओलहरी सोडतो. त्यावरून सगळा वायू किती उरलाय ते कळतं.

"म्हणजे टकटकच की," मी चिडवायचे.

"हाव, टकटकच!" सर मनापासून खूश व्हायचे.

एक फार दूरची दीर्घिका त्यांच्या मनात बसली होती. एवढे तारे एकदम पेटवल्यावर तिच्यात पुढच्या ताऱ्यांसाठी काही उरलंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीकडे ते दर वर्षी वेळ मागायचे आणि दर वर्षी नकार यायचा. "पुन्हा मागू," म्हणत घागर उचलून टँकरकडे निघायचे. मला त्या दुर्बिणवाल्यांचा भयंकर राग यायचा.

निवृत्तीनंतर एकदाचा दुर्बिणीवर वेळ मिळाला. तोवर सरांची फुप्फुसं थकली होती. नाकात ऑक्सिजनची नळी घालून त्यांनी तिकडून आलेल्या माहितीची आकडेमोड केली. आलेख उघडला तेव्हा मी शेजारीच होते. सपाट रेघ, आणि मधेच एक ठसठशीत उंचवटा. सरांनी पडद्यावर हलकेच टकटक केलं.

"हाय, मॅडम. लई हाय."

"चला, उरलंय म्हणायचं!"

"आता कुठलं?" ते धापा टाकत हसले. "ही लहर निघाली तवा पृथ्वीवर एक झाड न्हवतं. त्या सगळ्याचे तारे झाले असतील आतापतोर."

माझ्या अंगावर काटा आला. 

त्याच उन्हाळ्यात सर गेले. वहिनी मुलाकडे नांदेडला राहायला गेल्या, किल्ली माझ्याकडे दिली. परवा दुपारी त्यांच्या गच्चीवर गेले आणि सवयीनं टाकीवर टकटक केलं. तळापर्यंत पोकळ. एरवी असा आवाज आला की मी लगेच टँकरवाल्याला फोन लावते. परवा मात्र सरांचं "त्या सगळ्याचे तारे झाले असतील" आठवलं आणि मी टाकीवर हात ठेवून त्या पांढऱ्याफटक आभाळाकडे बघत राहिले.