मामंजींनी तोललेली सून

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगत. कल्याणच्या भातबाजारात ते तोलार होते. खडवलीकडून गाड्या भरून भात येई, तो काट्यावर घालायचं काम त्यांचं. दारात पाहुणा आला की "या, बसा" म्हणायच्या आधी हे त्याला मनातल्या मनात पारड्यात बसवून मोकळे! सासूबाई चिडायच्या, "अहो, माणसाला माणूस म्हणून बघा की कधीतरी."

दुपारी निजायच्या आधी ते काट्यात बसत आणि उठल्यावर पुन्हा बसत. उन्हाळ्यात पावशेराचा फरक पडे. हमाल हसत, "तोलारबुवा, झोपेत कुणी चोरलं हो?" मामंजी शांतपणे सांगत, "निजलेला माणूस रिकामा नसतो, बाबा. श्वास चालतो, अंग ऊन राहतं. त्याला सरपण लागतं, ते आपल्यातूनच जातं." आम्हा घरच्यांनाही हसू यायचं, खोटं कशाला सांगू?

दिवाळीच्या पाडव्याला काट्याची पूजा झाली की घरातलं एकेक जण पारड्यात बसे. लग्न होऊन आले त्या वर्षी मीही बसले, लाजून अर्धी होत. पुढे महिनाभरात विहिरीवरून येताना पाय घसरला नि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या बांधल्या आणि बजावलं, अंथरुणातून हलायचं नाही.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. पण त्यांचं मत पक्कं होतं: ज्याला काम नाही त्याला भूक नाही, पडल्या जागी खाल्लेलं बाधतं. सकाळी वाटीभर पेज, संध्याकाळी तेवढीच. नव्या सुनेनं आणखी मागायचं कसं? मी भिंतीकडे तोंड करून रडायची. भुकेनं माणूस किती लाचार होतो, बाई! हाड काही जुळेना. हाडवैद्य आला, नुसती मान हलवून गेला.

मामंजींना हे दिसत होतं. पण सासरा सुनेशी बोलत नसे, आणि स्वयंपाकघरात राज्य सासूबाईंचं. एका सकाळी त्यांनी पडवीत मोठा काटा टांगला. बाज आधी रिकामी तोलली, मग मुलांकरवी मला बाजेसकट उचलून तोललं. मी डोक्यावरून शाल ओढून घेतली होती. मग लोखंडी वजनं उचलून ते थेट चुलीपाशी गेले. पाच शेरांची पासरी आणि चार सुटे शेर, एकेक करून सासूबाईंपुढे मांडले.

"हे काय?"

"सून. पाडव्यापासून एवढी गेली. कामाला कुठे गेली नव्हती, पडूनच होती. उरलेलीही अशीच घालवायची का, ते तू सांग."

सासूबाईंनी पासरी उचलून पाहिली. त्या दुपारी माझ्या ताटात भात, वरण आणि वर तूप आलं. फाल्गुनात मी काठी धरून उभी राहिले.

मामंजी काही वर्षांनी तापानं चार दिवसांत गेले. त्यांच्यापाशी मला कधी काही बोलता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्यानंतर सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं. शेजारची म्हणाली, "पडूनच असतात, पेज पुरे." मी वरणभात कालवला, तूप घातलं आणि त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी तोंड उघडलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अडखळत म्हणाल्या, "मी तुला उपाशी मारत होते गं."

मी घास पुढे केला. "आधी जेवा. निवतोय."