दर्याबागेची पहिली रांग

आमच्या गावच्या तळ्याकाठी माझ्या मायच्या नावाचं झाड दोनदा लावलं आणि दोनदा मेलं. म्हणून मी समुद्रकाठची एक जुनी बाग बघायला निघाले.

नीट सांगते. आमचं गाव अहमदपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, माती देतात, आणि आमच्या गावची रीत अशी की तिसऱ्या दिवशी घरच्यांनी तळ्याच्या काठावर त्या माणसाच्या नावानं एक झाड लावायचं. वड, पिंपळ, चिंच, ज्याची जशी हौस. काठ मात्र उघडाबोडका. मार्चात तळं आटतं, आणि त्या कोरड्या तळावरून उन्हाळाभर जी झळ सुटते ती रोपाला उभं भाजते. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मायचा वड लावला आणि दोन्ही वेळा रोज दोन घागरी पाणी घातलं. दोन्ही वेळा मृगाच्या आधी काडी झाली. इतरांचीही तीच गत. काठावर आता झाडं कमी आणि नावाच्या पाट्याच जास्त.

यंदा मठातल्या बैठकीत मन्मथ अण्णांनी सांगून टाकलं, काठावर पेव्हर ब्लॉक टाकायचे, पत्र्याचं शेड मारायचं, पाट्या शेडच्या भिंतीला लावायच्या. अण्णांचं आडतीचं दुकान आहे आणि त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. मी बोलले. "मी बाग करून दाखवते."

"कांते, बारावीत दोनदा बसलीस, तिथं काय केलंस?" अण्णा म्हणाले. सगळे हसले. अप्पा हसले नाहीत, खाली बघत बसले. "बरं. येत्या रविवारी नकाशा घेऊन ये. न्हाई आणलास तर सोमवारी ब्लॉकचा ट्रक यील."

मी नांदेडला एका रोपवाटिकेत काम करते. माझा टिकून राहण्याचा विक्रम तिथलाच, दोन वर्षं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "वेंगुर्ल्याच्या पुढं दर्याबाग म्हणून हाय. समुद्राचा खारा वारा खाऊन उभी हाय कितीतरी वर्षं. तुमच्या तळ्याला काय धाड भरली? जा, बघून ये. पण सरळ जा अन् सरळ ये."

तो शेवटचा सल्ला मला ओळखणारा प्रत्येक माणूस देतो.

मंगळवार

अहमदपूर ते लातूर, लातूर ते सोलापूर, सोलापूर ते कोल्हापूर. पूर्ण दिवस जातो. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे त्यामुळे खिशाला झळ नाही, कंबरेला आहे. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात. सोलापूरच्या स्टँडवर पाण्याची बाटली भरायला उतरलात तर आधी कंडक्टरला सांगून उतरा. मी सांगितलं नव्हतं. बसमागं पळत असताना एक म्हातारी खिडकीतून ओरडून राहिली होती, "पळ गं, पळ! म्या थांबवते त्याला!" आणि तिनं खरंच थांबवली. कोल्हापुरात स्टँडजवळ बायांसाठीच्या धर्मशाळेत मुक्काम केला. स्वच्छ आहे, आंघोळीला गरम पाणी सकाळी सहापर्यंतच.

बुधवार

कोल्हापूरहून सावंतवाडीची सकाळची गाडी आंबोलीवरून जाते. डाव्या बाजूची खिडकी धरा. मी आंबोलीत चहाला उतरले, तिथं एक माणूस वेतासारख्या वेलीची टोपली विणत बसला होता, त्याच्याशी बोलत बसले, आणि गाडी गेली. पुढची दुपारनंतर. दर्याबागेत पोचले तेव्हा अंधारून आलं होतं आणि दरवाज्याला कुलूप. पाटी: गुरुवारी बंद.

म्हणजे उद्याचा दिवस हातातून गेला. शुक्रवारी सकाळी बघायचं आणि दुपारीच निघून शनिवारी रात्रीपर्यंत पळत घर गाठायचं. टोपलीपायी. स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि बागेसमोरच्या खानावळीत खोली घेतली. रात्रीचे पाचशे, पंखा जोरात फिरतो आणि त्याहून जोरात वाजतो. खानावळवाल्या बाईंनी ताटात काय वाढू विचारलं. मी म्हटलं, मासे नको, आम्ही खात नाही.

"मासे खाणंस नाय? मगे दर्यार कित्याक इलंस?"

"झाडं बघायला."

त्यांनी नवऱ्याला हाक मारून हे सांगितलं. तोही बघायला आला. पण काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी असं वाढलं की मी बोटं चाटली. शाकाहारी मंडळींनो, घाबरू नका.

गुरुवार

बंद बाग बाहेरून बघता येते, हे मला माहीत नव्हतं. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या बाजूनं, चालत गेले. वारा असा की ओढणी गळ्यात फास होते. बागेच्या त्या कडेला एक बाई वाकून वाळलेल्या फांद्या गोळा करत होती. पन्नाशीची, काष्टा घातलेली, डोक्याला टॉवेल.

"बाग बंद आसा," ती न बघताच म्हणाली.

"मला माहीत हाय. म्या लातूरकडून आलेय. उद्याच निघायला पायजे."

तेव्हा तिनं वर बघितलं. "खंयसून?" मग माझ्या चपलांकडं बघितलं, आणि का कोण जाणे, फांद्यांचा भारा माझ्या हातात दिला. "चल. धर ह्यां."

या भागीरथी काकी. सासरे इथले माळी, नवरा माळी, आता त्या. पुढचे पाच तास मी भारे वाहिले आणि त्यांनी बाग दाखवली. तिकिटाशिवाय. (तुम्ही शुक्रवार ते बुधवार जा, दहा रुपये द्या, आणि त्यांना त्रास देऊ नका.)

बाग कुणी केली ते दरवाज्यावरच्या फळ्यावर होतं म्हणे, अक्षरं खाऱ्या हवेनं गेली. काकींनी सासऱ्यांकडून ऐकलेलं असं. इथल्या एका जहागिरदाराला समुद्रकाठी हवा खायला बाग पाहिजे होती. त्यानं आधी काय केलं, तर पुरुषभर उंच चिऱ्याची भिंत बांधली. वारा अडला पाहिजे ना! भिंतीच्या आत आंबे लावले, गुलाब लावले. सगळं मेलं.

"भिंत असून?" मी.

"भिंत आसा म्हणान. वाऱ्याक आडवलास तर तो उडी मारता. उडी मारून भितूर पडता तो धाडकन पडता." काकींनी पदराला धरून हवेत उडी दाखवली.

भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. त्याच्या आतल्या बाजूला मी उभी राहिले तर खरंच केस चारी दिशांना. मग वीस पावलं पुढं, जिथं भिंत पाडून झाडी केलीय तिथं उभी राहिले. वारा होता, पण दमलेला.

ती झाडी म्हणजेच या बागेची सगळी अक्कल. वाळूवर आधी मर्यादवेल, जमिनीला चिकटून सरपटणारी. तिच्या मागं केवडा, गुडघ्यापासून कमरेएवढा, वाकलेला, अर्धी पानं करपलेली. त्याच्या मागं निर्गुडी आणि भेंड, डोक्याएवढी. मग उंडी. मग सगळ्यांत उंच सुरूची झाडं. बाजूनं बघितलं तर घराच्या उतरत्या छपरासारखं दिसतं. वारा त्या छपरावरून वर चढत जातो, थोडा पानांतून गाळला जातो, पण कुठंच आपटत नाही. छपराच्या पलीकडं मधोमध हिरवळ, ती कमरेइतकी खोल खणलेली, आणि खणलेली माती पुढं टाकून त्यावर ती झाडी उभी केलेली. खाली उतरलं की आवाजच बंद होतो. तिथं आंबे आहेत, बकुळ आहे, गोड्या पाण्याची कमळाची टाकी आहे. समुद्र पन्नास पावलांवर आणि कान गप्प.

वाटा एकही सरळ नाही. सरळ वाट म्हणजे वाऱ्याला रस्ता, काकी म्हणाल्या. वाट वळते, समुद्र लपतो, आणि सगळ्या बागेत फक्त तीन ठिकाणी झाडीत खिडकीएवढी फट ठेवलीय. तिथून एकदम निळं दिसतं. पहिल्या फटीत मी ओरडलेच.

हिरवळीवर एक मोठा वड आहे, त्याला संगमरवरी पाटी, कुण्या पाहुण्या राजानं लावल्याची. आंब्यांनाही पाट्या. मी परत केवड्याकडं गेले. एकही पाटी नाही.

"हे कुणी लावले?"

"केवड्याक पाटी लावतत काय कोण?" काकी हसल्या. "ही पुढची रांग कधी मोठी होऊची नाय. दरवर्षी भाजता, दरवर्षी फुटता. ही मेली तर तुझो तो राजाचो वड दोन वर्षात आडवो झालो."

मी तिथंच वाळूत बसले. आमच्या गावानं काय केलंय ते मला एकदम दिसलं. ज्याच्या त्याच्या माणसाचं झाड सगळ्यात पुढं पाहिजे. पाण्याच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल असं. मागच्या ओळीत लावलं तर माणसाचा मान गेला. म्हणून आम्ही वड, पिंपळ, चिंच सगळे एका ओळीत वाऱ्याच्या तोंडात उभे केले, पुढं काही नाही, मागं काही नाही. पाण्याची कमी कधी नव्हतीच.

निघताना मी केवड्याचे दोन कोंब मागितले. काकींनी हातावर चापट मारली. "तुमच्याकडे काय दर्या आसा? झाडां नेऊ नको गो चेडवा. रांग ने."

शुक्रवारी सकाळी उघड्या बागेत जाऊन पावलांनी मापं घेतली, वहीत काढली. परतीला कुठंही उतरले नाही. खरंच. लघवीलासुद्धा कंडक्टरला सांगून.

रविवार

मठात सगळे आले होते. मी वही फाडून कागद जोडून मोठा नकाशा केला होता. पाण्याकडून पहिल्यांदा तरवड आणि रुई, कुणी पाणी नाही घातलं तरी जगणारी. मग निर्गुडी आणि करवंद. मग हिवर, बाभूळ. मग कडुलिंब. आणि त्याच्या मागं, खोलगट केलेल्या जागेत, वड, पिंपळ, चिंच, सगळ्यांच्या माणसांची झाडं. वाट वळणाची. पाणी दिसायला दोन फटी.

अण्णांनी नकाशा उलटा-सुलटा करून बघितला. मग बोट ठेवलं. "म्हंजे आमच्या वडलांचं, दादांचं झाड मागं?"

"हाव."

"लई मागं हाय. गावात आधी ज्यांनी दुकान टाकलं त्यांचं झाड आडोशाला, अन् तोंडावर तरवड? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील झाड जगलं."

गलका झाला. कुणी म्हणालं आमचं मधे घ्या, कुणी म्हणालं आमचं फटीजवळ घ्या. अण्णांनी हात वर केला. "मागं जायाला आम्ही तयार होऊ. पर मग त्या पयल्या रांगेला कुणाचं नाव? का ती बेवारस?"

हे मी बसमध्येच ठरवलं होतं. मी पहिल्या रांगेवर बोट ठेवलं. "माझ्या मायचं."

अप्पा उठून उभे राहिले. अप्पा बैठकीत कधी बोलत नाहीत.

"तुझी माय कुंपण हाय का गं?"

एवढंच बोलून ते निघून गेले. मला वाटलं होतं त्यांना कळेल. मी बागेचं, वाऱ्याचं, केवड्याचं सगळं सांगितलं होतं आणि त्यांना त्यातलं एकच दिसलं, की ज्या बायकोसाठी त्यांनी घागरी वाहिल्या तिला मी वड नाकारला. पण मी नकाशा बदलला नाही. कुणाचं तरी नाव तिथं लागल्याशिवाय दुसरं कुणी मागं जाणार नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरच्यांना मी ते कोणत्या तोंडानं सांगू? अण्णांनी नकाशा परत एकदा बघितला. "ट्रक एक पावसाळा थांबवतो," म्हणाले. "एकच."

आणि त्यानंतर

सोमवारी पहाटे मी कुदळ घेऊन काठावर गेले. तीन दिवस एकटीनं खड्डे केले. मुरूम असा की कुदळीतून खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. अप्पा घरात माझ्याशी बोलत नव्हते, फक्त ताट पुढं सरकवत होते. चौथ्या दिवशी ते आले. हातात पहार होती. पहिल्या रांगेच्या कडेनं चालत गेले, परत आले.

"हे दोन हात मागं घे. पाणी चढलं की कुजंल."

मी रांगेच्या आखणीची दोरी मागं घेतली. त्यांनी पहार मारायला सुरुवात केली.

आता पहिला पावसाळा अर्धा झालाय. तरवडाला पिवळी फुलं आलीत, उंची गुडघ्याएवढी. रुईला शेळ्या तोंड लावत नाहीत, हा फायदा मी नकाशात लिहायला विसरले होते. लिंब अजून वीतभर आहेत. तुम्ही बघायला याल तर अहमदपूरहून आमच्याकडं दिवसातून चार गाड्या आहेत, पण बघण्यासारखं अजून पाच-सहा वर्षं काही नाही. दर्याबाग बघा. समुद्र तर सुंदर आहेच, पण मला रोज आठवतो तो करपलेला केवडा. मी नांदेडला परत गेले नाही. कुठंही न भटकता इतके दिवस मी आयुष्यात काढले नव्हते, आणि पाय शिवशिवतात, ते खोटं कशाला बोलू. पण सकाळी आधी काठावर जाते.

परवा मन्मथ अण्णा त्यांच्या दादांचा पिंपळ घेऊन आले, टेम्पोतून, डोक्याएवढा. पॅन्ट वर दुमडून चिखलात उभे राहिले आणि विचारलं, "कुठं लावायचा आता?"

मी सांगणार तेवढ्यात अप्पा बोलले. हातातलं खुरपं तरवडाच्या रांगेवरून फिरवत, सरळ अण्णांच्या तोंडावर.

"तुमच्या दादाचं आमच्या हिच्या मागं, अण्णा. आडोशाला. काय व्हायचं न्हाई त्याला."