मळवलेलं पायपुसणं

माझी आत्या माणसं पायांवरून ओळखते. चेहऱ्याकडे ती मागाहून बघते, तेही वेळ मिळाला तर. ज्याच्याशी लग्न करायचं मी ठरवलं होतं त्याला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा तिने त्याची चाल दारापासून खुर्चीपर्यंत नीट न्याहाळली आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "टाचा घासत चालतो. आळशी आहे, पण सोडून जाणारा नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पहिलीचा त्रास मला रोज होतो.

तिचा धंदा पायपुसण्यांचा. आजोबांनी सुरू केलेला हा काथ्याचा कारखाना. कारखाना आपला कौतुकाने म्हणायचा. एक लांबलचक खोली, तीन लहान माग, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला एक रुंद माग. रुंद मागाला दोन माणसं लागतात. एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने झेलून परत पाठवायचा. एका टोकाला आत्या आणि दुसऱ्या टोकाला लांबू नावाचा विणकर, ज्याला शर्टाच्या बाह्या कधीच पुरलेल्या नाहीत.

याच इमारतीत रस्त्याच्या बाजूला माझ्या बाबांचं दुकान. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. ते रबरी पायपुसणी विकतात. एकाच आईबापाची दोन लेकरं, एक काथ्या विणतं आणि दुसरं रबर विकतं, मधे फक्त एक दार. त्या दारातून दिवसभर टोमण्यांची ये-जा चाले.

"बाळ्या, तुझ्या रबराचा वास माझ्या चहाला लागतोय."

"ताई, तुझ्या काथ्याचा कचरा माझ्या गल्ल्यात सापडतोय."

हे सगळं गमतीत चाललेलं असे. पण रुंद मागाचा विषय निघाला की गंमत संपायची. हॉटेलांना, कचेऱ्यांना लागणारी मोठी पायपुसणी आता बहुतेक जण रबराची घेत होते आणि रुंद माग महिनोन्महिने नुसता उभा होता. बाबांना गोदामाला जागा हवी होती. माग मोडून भंगारात द्यावा, असं ते आधी आडून आणि मग सरळ म्हणू लागले. आत्या ऐकायची आणि कात्री उचलून काथ्याचे शेंडे कापायला बसायची.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच अडलं. आमच्याकडे कोरं पायपुसणं दाराबाहेर जात नाही. विणून, कातरून झालं की ते मळवायचं. म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांनी, शेजाऱ्यांनी, आल्या-गेल्याने चिखलाच्या पायांनी त्याच्यावरून चालायचं. मग साबणाने धुवायचं, उन्हात वाळवायचं. सुटे धागे असतील ते गळून जातात, कुठे वीण ढिली असेल तर तेही लगेच कळतं. आमच्या भागात सगळ्यांना हे ठाऊक आहे. कुणाला अगदी नवंकोरं, टवटवीत पायपुसणं मिळालं तर तो परत घेऊन येतो आणि विचारतो, "मळवायचं विसरलात का हो?"

तर परदेशात मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं आणि आपल्याकडच्या उद्योगांनी त्यात कसा भाग घ्यावा हे सांगायला व्यापार कार्यालयाने सभा बोलावली. बाबा जाणार होते, रबराची काही सोय लागते का बघायला. आत्याही निघाली. मला दोघांच्या मधे बसवलं.

कार्यालयातल्या बाईंनी छान समजावून सांगितलं. ज्यांची ऐपत प्रचंड आहे त्यांनी स्वतःचं दालन उभारावं. बाकीच्यांना देशाच्या दालनात कोपरा मिळेल, तिथे माल मांडता येईल. कुणाला दालनाचा खर्च उचलून भिंतीवर नाव झळकवता येईल. कुणाला एखाद्या दिवसाचा कार्यक्रम घेऊन तिथे आलेल्या खरेदीदारांना भेटता येईल. आणि शेवटी, दालन चालवायला जे जे सामान लागतं ते पुरवता येईल. शेवटचा मार्ग त्यांनी जरा पटकन सांगितला, कारण तोवर अर्धी सभा कोपऱ्यासाठी हातघाईवर आली होती. बाबाही त्यातच.

आत्या उभी राहिली. "बाई, या दालनाला दार असेल ना?"

हशा पिकला. बाईही हसल्या, पण चांगलं हसल्या. "असणारच की."

"मग दारात काय घालणार आहात?"

"खरं सांगू? अजून कुणी विचारच केलेला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आत्याचं नाव लिहून घेतलं.

बाबांना कोपरा मिळाला नाही. आत्याचा नमुना मात्र पसंत पडला. दालनाच्या मुख्य दारासाठी एक भलं रुंद पायपुसणं विणायचं आणि ते बसवायला दोघांनी तिकडे जायचं. दुसरी मी, कारण मला भाषा येते.

बाबा घुश्शातच होते. "जगाचे पाय पुसायला निघालीस म्हणजे!"

"तू नाही का पुसत? तुझं रबर काय टोप्या पुसतं?" आत्या म्हणाली. मग कात्री खाली ठेवून ती अगदी शांतपणे बोलली. "बाळ्या, ऐक. तिथून मोठं काम घेऊन आले तर माग राहील. रिकाम्या हाताने आले तर मी स्वतः पाना घेऊन तो खोलीन. जागा तुझी."

मला ते अजिबात आवडलं नाही. पण आत्याने शब्द दिला की दिला.

रुंद माग पुन्हा बोलू लागला. आत्या इकडून, लांबू तिकडून. पायपुसणं तयार झालं तशी आत्याने सगळी गल्ली बोलावली. शिंपी आला, दूधवाला आला, समोरच्या शाळेच्या बाई चपला मुद्दाम चिखलात बुडवून आल्या. परदेशात जाणारं पायपुसणं म्हणून लोक दोन-दोनदा चालून गेले. बाबा आपल्या दारातून बघत उभे राहिले, पण त्यांनी पाय टाकला नाही. मग आम्ही ते घासून धुतलं, वाळवलं आणि गुंडाळून बांधलं. आपण काय करून बसलोय हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही तिकडे पोचलो. दालनप्रमुख आमचेच देशवासी, तरुण, वागायला अदबशीर, बूट असे चकचकीत की आत्याला त्यांच्याबद्दल काहीच सांगता येईना. पायपुसणं उलगडलं. मधे रंग उतरलेला, शेंडे दबलेले. ते खाली वाकले, हात फिरवला आणि कसंनुसं तोंड करून म्हणाले, "मावशी, हे वापरलेलं आहे."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी घाईघाईने मळवण्याची रीत सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला पटतंय हो. पण उद्या उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना मी दारात थांबवून हे सांगू का?"

आत्याने मान हलवली. "तुमचं बरोबर आहे. चूक माझी. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सांगायचं सुचलं नाही."

दारात लाल रंगाचं नवंकोरं पायपुसणं आलं आणि खरं सांगायचं तर ते सुरेख दिसत होतं. दालनप्रमुखांना आमची दया आली असावी. त्यांनी एक तोड काढली. आमचं पायपुसणं आत भिंतीवर टांगायचं, वर दिवा, खाली कारखान्याचं नाव आणि पत्ता. मी तर उडालेच. फुकटात कोपरा! मी बाबांना फोन करायला निघाले होते.

"भिंतीवर?" आत्या म्हणाली. "मग शेजारी माझाही फोटो लावा आणि मोकळे व्हा."

"आत्या, अगं नाव राहील. लोक बघतील."

"बघून काय कळणार? पाय द्यायची वस्तू आहे ती." ती दालनप्रमुखांकडे वळली. "मागचं दार आहे ना?"

"आहे. पण तिथून फक्त कामाची माणसं येतात."

"चालेल."

मला रडूच फुटलं. रागाने. माग जाणार, लांबू घरी बसणार, आणि ही बाई हट्टाने दिवा आणि नाव सोडून कचऱ्याच्या गाड्यांच्या वाटेवर जाऊन बसणार. मी तिला तसं बोललेही. तिने पायपुसण्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "बोलून झालं की उचल," ती म्हणाली.

मागची गल्ली म्हणजे प्रदर्शनाचं उलटं अंग. पुढून जी दालनं महालासारखी दिसत त्यांची मागची दारं सगळी सारखी, रुंद, राखाडी. हातगाड्या, भाज्यांची खोकी, भिजलेले बोळे, नळाजवळ साचलेला चिखल. आत्या एका पालथ्या क्रेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहिली. पहिला दिवस गेला. दुसराही गेला. ती खुशीत होती, मी नव्हते. ती अधूनमधून कानात सांगे, "हा नुकताच आजारातून उठलाय बघ," किंवा "हिचं कुणाशी तरी भांडण झालंय."

मग शेजारच्या दालनाची सफाईची मुकादम आली. आडव्या बांध्याची बाई, गमबूट घातलेले. बादली मागायला आमच्याकडे आली होती. तिने सवयीने बूट पुसले, आत गेली आणि मागे वळून फरशीकडे बघितलं. फरशीवर ठसा नव्हता. ती परत बाहेर आली, मुद्दाम चिखलात उभी राहिली, पुन्हा पुसून आत गेली. मग बादली खाली ठेवली, गुडघ्यावर बसली आणि शेंड्यांना मुठीने हिसका दिला. हातात काही आलं नाही.

"किती वर्षं वापरताय?" तिने विचारलं.

मी तिचा प्रश्न आत्याला आपल्या भाषेत सांगितला. आणि माझ्या मनात आलं ते लपवत नाही. "पाच वर्षं" म्हणायचं, बस. एवढं वापरून असं टिकलंय म्हटल्यावर ती जागच्या जागी काम देईल. मी आत्याकडे पाहिलं. तिला माझं मन वाचता येतं, पाय न बघताही.

"खरं सांग," ती म्हणाली. "महिनासुद्धा झालेला नाही. आमच्या गल्लीने मळवलंय. मग धुतलंय."

मी सांगितलं, शिंपी आणि शाळेच्या बाईंसकट. मुकादम मांडीवर थाप मारून हसली. म्हणाली, आयुष्यभर लोकांनी तिला नव्या वस्तू आणून दिल्या आणि त्या वस्तूंचा कचरा तिने उपसला. हातात द्यायच्या आधी कुणी धुऊन दिलेली ही पहिलीच. ती निघून गेली आणि थोड्या वेळाने गल्लीतले आणखी मुकादम घेऊन आली. एकेकाने चिखलात पाय घालून बघितले. आत्या उठून उभी राहिली होती, तिचे डोळे भरले होते आणि ती ते पदराने नाही, बाहीने पुसत होती.

त्या गल्लीच्या सगळ्या मागच्या दारांचं काम आम्हाला मिळालं. कामाच्या कागदावर मुकादमबाईंनी एकच अट स्वतः लिहवून घेतली: माल मळवलेलाच हवा.

मी फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाळवायला जागा लागेल. पुढचं दुकान रिकामं करतो."

आम्ही घरी आलो आणि रुंद माग दिवसभर चालू लागला. पहिला लॉट तयार झाला तेव्हा पायपुसणी मागच्या खोलीतून मधल्या दारातून थेट दुकानापर्यंत ओळीने पसरली होती. गल्ली लोटली. बाबा आपल्या स्वच्छ चपला घालून भिंतीला टेकून उभे.

"बघत काय राहिलास?" आत्या ओरडली. "नळावर जा, चिखलात पाय घाल आणि ये."

ते गेले. घोट्यापर्यंत पाय चिखलाने माखून आले आणि रबराच्या दुकानातून काथ्यावर पाय ठेवला. एकेक पाऊल टाकत मागच्या खोलीपर्यंत आले. आत्याची नजर त्यांच्या पायांवरच.

"डावा पाय अजून आत टाकतोस," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? चालायला मीच शिकवलंय तुला. या मागाला धरून."

बाबांनी मागाकडे पाहिलं आणि त्याच्या खालच्या फळीवर हात ठेवला. ती फळी त्यांच्या गुडघ्याएवढी होती. थोडा वेळ ते तसेच वाकून उभे राहिले. मग वळले, फळीला धरूनच मागाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, आणि लांबूला म्हणाले, "सरक जरा. धोटा कसा झेलायचा ते दाखव."