मूळ आतच ठेवलेली दाढ

सरांनी भुलीचं इंजेक्शन भरायला सांगितलं, तेव्हा मी ओपीजीची फिल्म परत लाइटवर धरली. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक सपाट एक्स-रे. अक्कलदाढेच्या मुळावर काळा पट्टा होता आणि तिथेच नसेच्या नळीची पांढरी रेघ तुटलेली दिसत होती.

"सर, आधी थ्रीडी स्कॅन करू."

"अशा दाढा मी रोज काढतो."

जळगावच्या या दातांच्या दवाखान्यात दाढा सर काढतात, स्कॅन वाचणं माझं काम. खालच्या जबड्यातून एक नस जाते. खालच्या ओठाला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. ती दुखावली तर ओठ महिनोन्महिने, कधी कायमचा बधिर. हलतो, पण चहाने भाजला तरी कळत नाही. प्रत्येक दाढेला स्कॅन लागत नाही. अशा पट्ट्याला लागतो.

खुर्चीत एरंडोलचे धनराजनाना होते. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे. लग्नसराई दोन महिन्यांवर. ओठाचं कोणी सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. संमतीच्या फॉर्मवर सही मात्र झाली होती. ओठाचा धोका तिथे इंग्रजीत, बारीक अक्षरात, सातव्या ओळीत होता. याला आपल्याकडे 'पेशंटला कल्पना दिली' म्हणतात. मला याची चीड आहे आणि ती मी सरांसमोरही लपवत नाही.

ओठ बधिर होऊ शकतो, हे मग मीच सांगितलं. "व्हट बधिर व्हयना ते मी वाजाडू कसं?" म्हणत नाना खुर्चीतून उतरले. मग स्कॅन झाला.

नस दोन मुळांच्या बेचक्यातून गेलेली. मध्ये हाडाचा पापुद्राही नाही. मूळ ओढलं की नसही ओढली जाणार. यावर एक उपाय असतो: दाढेचा वरचा भाग कापून काढायचा, मुळांना हात लावायचा नाही. मुळांशी पू नव्हता, म्हणजे ते जमण्यासारखं होतं.

सरांनाही ते दिसलं. त्यांची अडचण वेगळी होती. आमच्याकडे पेशंट काढलेली दाढ हातात मागतो, मुळं मोजतो, कागदात बांधून घरी नेतो. मूळ राहिलं म्हणजे डॉक्टर कच्चा.

"अर्धी दाढ हातात दिली तर एरंडोलपर्यंत माझं हसं होईल," सर बाहेर येऊन म्हणाले.

"आणि ओठ गेला तर नानांचं काय होईल?"

सर परत आत वळले. नानांना स्क्रीनसमोर बसवा, एवढं म्हणाले.

नानाही दाढ मुळासकट काढावी याच मताचे निघाले. "मूळ मझार कसाले ठेवतस, ताई? बठ्ठी काढी टाका."

मी नस केशरी रंगाने रंगवली आणि जबडा स्क्रीनवर हळूहळू फिरवला. मुळांच्या बेचक्यात केशरी दोरा. नानांनी त्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"हाई तुटनी ते?"

"ट्रम्पेट ओठाला लागलंय की नाही, ते कळणार नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या मूळ."

सरांनी वरचा भाग कापला, टाके घातले. संध्याकाळी भूल उतरली. मी कापसाचा बोळा ओठावर फिरवला, नानांनी डोळे मिटून प्रत्येक वेळी बरोबर जागा सांगितली. जखम भरल्यावर त्यांनी पूर्ण लग्नसराई वाजवली.

एरंडोलमध्ये मात्र आमच्या सरांना दाढ उपटता आली नाही, असंच बोललं जातं. तिकडचे दोन पेशंट धुळ्याला गेले. वेळेवर थांबलेल्या डॉक्टरचं कौतुक होत नाही. त्याची तयारी ठेवावी.